तोरणा–रायगड वाटेवर वाडीतल्या घरात मुक्काम: शिधा, पाणी, अंथरूण

पायवाट_नाशिक

जानेवारीच्या मध्यावर तोरणा ते रायगड असा पाच जणांचा बेत आहे. तीन बायका, दोन पुरुष. सगळ्यांना डोंगराची सवय आहे, पण आजवरचे मुक्काम गडावरच्या देवळात नाहीतर तंबूत झालेत. या वेळी वजन कमी ठेवायचं म्हणून तंबू नेणार नाही. वेल्ह्यातून पहाटे तोरणा चढायचा, गडाच्याच बुधला माचीवरून उतरायचं, संध्याकाळपर्यंत घाटमाथ्यावरचं मोहरी गाव गाठून तिथे कुणाच्या तरी घरी रात्र काढायची आणि सकाळी बोराट्याच्या नाळेनं (कड्यातली उभी, दगडांची घळ) लिंगाणा सुळक्याच्या खिंडीतून पाने गावात उतरायचं, असं ठरतंय.

विचारायचं ते असं:
१. आधी कळवावं लागतं का, की संध्याकाळी दारात जाऊन विचारलं तरी चालतं?
२. शिधा न्यावा की घरच्यांनाच जेवण सांगावं? न्यायचा तर पाच जणांना नेमका किती?
३. झोपायला काय लागेल? थंडी, पिसवा, साप-विंचू या तिन्हीचा विचार करून सांगा.
४. पाणी आणि शौचाची सोय कशी असते?
५. पैसे किती द्यावेत?

घाटमाथ्यावर राहणाऱ्यांना त्रास न होता हे सगळं कसं करायचं, ते कळलं तर बरं.

---

कारवी

आधी बेताबद्दल. वेल्ह्यातून निघून तोरणा चढायचा आणि त्याच दिवशी मोहरी, हे ताणून धरलेलं गणित आहे. तोरणा १,४०३ मीटर उंच. वेल्ह्याच्या बाजूनं माथ्यावर पोचायलाच तीन तास जातात, आणि बुधल्यावरून उतरलं की पुढची डोंगराची सोंड, हारपूड-वरोती या गावांची बाजू, चढउतार आणि गुरांच्या फसव्या वाटा हे सगळं बाकीच असतं. जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य बुडतो, सातला मिट्ट काळोख. रात्री आठला मोहरीत पाच जण टॉर्च मारत शिरले तर पहिली दखल कुत्री घेतात. मग एक दार उघडतं, आणि त्या दारातल्या बाईला विझवलेली चूल परत पेटवावी लागते. या मुक्कामातल्या निम्म्या अडचणी उशिरा पोचण्यातून येतात.

त्यापेक्षा एक दिवस वाढवा आणि तोरण्याच्या पलीकडे उतरल्यावर हारपूडच्या बाजूला जी वाडी दुपारी चारच्या आत लागेल तिथे थांबा. दुसरा मुक्काम मोहरीत करा. ते जमत नसेल तर तोरणा सोडून द्या आणि गाडीनं मोहरी गाठा. वेल्ह्याकडून मोहरी-सिंगापूरला कच्चापक्का का होईना, गाडीरस्ता आहे.

घराचं वेळापत्रक समजून घेतलं की बाकीचं सोपं जातं. चार-साडेचारला गुरं परतायला लागतात, त्यानंतर धारा, वासरं बांधणं, पाणी भरणं, आणि सहाच्या आसपास चूल. साडेसात-आठला जेवणं, नऊला सगळी झोपलेली. पहाटे साडेचार-पाचला घर परत जागं. त्यामुळे साडेतीन ते साडेचार ही पोचायची वेळ सगळ्यात चांगली: माणसं भेटतात, उजेडात झोपायची जागा बघून घेता येते आणि पाच जणांच्या जादा भाकऱ्या नेहमीच्या स्वयंपाकातच होऊन जातात.

आधी कळवणं बरंच. मोहरीला लिंगाण्यासाठी येणाऱ्यांची वर्दळ असते, शनिवार-रविवारी तर तीन-तीन गट एकाच घरात येऊन आदळतात. तुमच्या ओळखीच्या गिर्यारोहण संस्थेकडून एखादा नंबर मिळेल. इथे धाग्यावर मात्र कुणी कुणाचा नंबर टाकू नका. घाटमाथ्यावर रेंज एखाद्या दगडावर किंवा टेपाडावरच मिळते, तेव्हा फोन लागला नाही म्हणजे नकार असं समजायचं नाही. आदल्या आठवड्यात दोन-तीनदा लावा आणि एवढंच सांगा: किती जण, त्यात बायका किती, कोणत्या वारी, कुठून चालत येणार, किती वाजता पोचणार, जेवण लागणार की शिधा आणणार. बेत रद्द झाला तर तेही कळवा. बरेच गट हे करत नाहीत, आणि इकडे दोन किलो तांदूळ शिजून तयार असतो.

न कळवता गेलात तर अंगणाबाहेर थांबून हाक मारायची. "रामराम मामा" किंवा "मावशी, आहात का घरात?" पुरे आहे. बायका पुढे असतील तर बोलणं लवकर सुरू होतं. घरात फक्त पोरं किंवा म्हातारं माणूस असेल तर पाठीवरची ओझी लगेच ओटीवर टाकू नका, कर्ता माणूस येईपर्यंत बाहेर बसा.

---

चुलीपाशी

शिध्याचं सविस्तर सांगतो, कारण इथेच अंदाज चुकतात.

पाच जणांना एक रात्रीचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता आणि नाळेत खायला बांधून घेतलेली भाकरी असं धरून:

तांदूळ पाऊण किलो (माणशी सव्वाशे-दीडशे ग्रॅम, दिवसभर चाललेला माणूस घरी जेवतो त्याहून जास्त जेवतो). भाकरीचं पीठ दोन किलो, नाचणीचं किंवा तांदळाचं. किलोभर पिठात मध्यम आकाराच्या दहा-बारा भाकऱ्या होतात, म्हणजे रात्री माणशी दोन आणि बांधून दोन एवढा हिशेब बसतो. बेसन पाव किलो, पाच जणांच्या पिठल्याला तेवढं पुरतं. तूरडाळ पाव किलो. कांदे किलोभर, बटाटे किलोभर, लसूण दोन गड्डे, हिरव्या मिरच्या शंभर ग्रॅम, सुकं खोबरं एक वाटी. तेल पाव लिटर, झाकण घट्ट असलेल्या बाटलीत आणि ती बाटली वेगळ्या पिशवीत, नाहीतर सॅकमधले कपडे फोडणीला लागतात. चहापूड शंभर ग्रॅम, साखर अर्धा किलो, दूध पावडर दोनशे ग्रॅम. दुभतं जनावर घरात असलं तरी दूध डेअरीला किंवा वासराला ठरलेलं असतं, म्हणून पावडर न्यायचीच. मीठ-हळद-तिखट घरात असतं, तरी तिखटाची एक पुडी द्यावी.

हे झालं तुमचं. पण चूल एक आणि तवा एक. घरातली चार-पाच माणसंही त्याच पातेल्यातलं जेवणार, आणि त्यांनी वेगळं रांधावं ही अपेक्षाच चुकीची. तेव्हा तांदूळ, पीठ आणि डाळ वरच्या आकड्यांच्या दुप्पट धरा. शिध्याचं ओझं सुरुवातीला साडेनऊ किलोच्या आसपास जातं, पाच जणांत वाटलं तर माणशी दोन किलोच्या आत. उरलेलं परत मागायचं नाही.

पोचल्याबरोबर शिधा घरच्या बाईच्या हाती द्या आणि काय करायचं ते तिच्यावर सोडा. भाजी चिरणं, लसूण सोलणं, पाणी आणणं ही कामं मागून घ्या. भाकरी थापायची हौस असेल तर एक थापून बघा आणि उठा, त्या एका भाकरीला चार भाकऱ्यांचं सरपण जळतं.

बांधून घ्यायच्या भाकरीबद्दल: तांदळाची भाकरी दुपारपर्यंत पापडासारखी कडक होते. पीठ आधणाच्या पाण्यात उकड काढून मळलं असेल तर बरीच मऊ राहते. नाचणीची त्यातल्या त्यात टिकते. गरम भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली की वाफेचं पाणी सुटून चिकट होते आणि वास मारते, तेव्हा पूर्ण निवू द्या, मग सुती फडक्यात बांधा. सोबत पिठलं नेऊ नका, आंबतं. लसणाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ आणि कांदा न्या.

कोंबडीचा बेत असेल तर तो फोनवरच सांगायचा. संध्याकाळी पोचून गावठी कोंबडा मागितला तर तो पकडणं, साफ करणं, वाटण आणि लाकडावर शिजवणं मिळून दहा वाजतात. काही घरांत वार पाळतात, काही माळकरी असतात. आधी विचारा.

---

सोंडेवरचा

चुलीपाशी यांचे आकडे बरोबर आहेत, पण शिधा नेण्याच्या मुद्द्यावर माझं मत उलटं आहे. मोहरीसारख्या ठिकाणी, जिथे लोक वर्षभर येतात, तिथे शिधा नेऊ नये, जेवण सांगावं. घरात तांदूळ आणि नाचणी स्वतःच्या शेतातली असते. ती विकली जाऊन ताटामागे रोख पैसे मिळणं हे त्यांच्या दृष्टीनं दुकानातलं पीठ फुकट मिळण्यापेक्षा जास्त उपयोगाचं. शिधा घेऊन जाणारे बरेच जण "सामान तर आमचंच होतं" म्हणून शंभर रुपये टेकवून निघतात, आणि सरपण, पाणी, दोन तासांचं काम हिशेबात येतच नाही.

शिधा न्यायचा तो मधल्या एकांड्या घरांसाठी. धनगरवाड्यावर दोन-तीनच घरं असतात, दुकान दोन-तीन तासांच्या चालीवर, आणि घरात पाच पाहुण्यांपुरतं धान्य असेलच असं नाही.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. घाटमाथ्यावर म्हशी-गाई राखणारे गवळी धनगर तिथेच घर करून राहतात. मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर वेगळे. ते पठारावरच्या कोरड्या मुलखातून दिवाळीनंतर कोकणात किंवा इतरत्र उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत वाटेवर मेंढ्यांचा वाडा बसलेला दिसला तर तिथे मुक्काम मागू नका. त्यांच्याकडे छप्पर नसतं आणि कुत्री परक्याला कळपाजवळ येऊ देत नाहीत. आणि गवळी धनगरांच्या वाड्यावरही काही घरं बंद सापडतात, कारण तरुण मंडळी कामाला पुण्या-मुंबईकडे आणि म्हातारी माणसं खालच्या गावात. जुन्या नकाशावर वाडी दिसते म्हणून तिथे माणूस असेल असं धरून चालू नका. बंद घराची कडी काढून आत झोपायचं नाही, ओटी मोकळी असली तरी.

पैसे: जेवणाचे माणशी दीडशे ते अडीचशे, सकाळचा चहा-पोहे धरून आणखी पन्नास-साठ, आणि झोपण्याचे वेगळे माणशी शंभर असं धरून चला. घरच्यांनी आकडा सांगितला तर तोच द्या, घासाघीस नको. "द्या तुम्हाला काय द्यायचं ते" असं उत्तर आलं तर वरच्या हिशेबातली वरची बाजू धरा. रेंज नसल्यामुळे यूपीआयवर विसंबू नका. पन्नास आणि शंभरच्या नोटा वेगळ्या ठेवा, पाचशेची मोड वाडीत मिळत नाही. आणि पैसे जिनं रांधलं तिच्या हातात द्या.

---

घोंगडी

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो.

घरं साधारण अशी असतात: पुढे ओटी किंवा पडवी, आत माजघर आणि चूल, एका अंगाला किंवा मागे गोठा, वर माळा. भिंती कुठे दगड-मातीच्या, कुठे कारवीच्या कुडाच्या. कारवीचे दांडे बांधून त्यावर शेण-माती लिंपलेली असते. (ही कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि फुलून झाली की वाळते. घराचा कूड होतो तो तिच्याच काटक्यांचा.) वर कौलं किंवा पत्रे. पत्र्याचं छप्पर दिवसा तापतं तसं पहाटे गार पडून आतून ठिबकतं.

पाहुण्यांना बहुतेक ओटीवर जागा मिळते, आणि तीच सगळ्यात चांगली. अंगणात आकाशाखाली झोपायचा मोह होतो, पण जानेवारीत घाटमाथ्यावर दव असं पडतं की पहाटे चारला स्लीपिंग बॅगचं वरचं कापड ओलं असतं, आणि ओली बॅग ऊब धरत नाही. तापमान आठ-दहा अंशांपर्यंत उतरतं, कड्याजवळ वारा असेल तर ते आणखी कमी वाटतं. पाच अंशांपर्यंतची बॅग पुरते. त्याहून महत्त्वाची खालची चटई. सारवलेली जमीन रात्रभर अंगातली ऊब शोषते, म्हणून किमान आठ मिलिमीटरची फोमची मॅट हवी. घरचे गोधडी-घोंगडी देतील, ती मॅटच्या खाली घाला. वरून घेतली तर पिसवांची पाहुणेरी नक्की.

ओटीवर कुठे, हेही उजेडातच ठरवा. तीन गोष्टींपासून लांब: गोठ्याची भिंत, सरपणाची रास, धान्याच्या कणग्या. गोठ्याजवळ पिसवा आणि गोचीड. सरपणात विंचू आणि फुरसं. धान्याला उंदीर येतात आणि उंदरामागे साप. कुत्रं किंवा शेळीची करडं जिथे रोज झोपतात त्या कोपऱ्यात अंथरूण टाकू नका, तिथली माती पिसवांनी भरलेली असते. झोपायच्या आधी ओटी झाडून घ्या, पण झाडू घरच्यांना विचारून. दिवेलागणीनंतर केर काढणं अनेक घरांत चालत नाही.

पिसवांवर उपाय साधा: घोट्यावर खेचलेले मोजे, त्यात खोचलेली पँट, अंगभर बाह्या, आणि सॅक जमिनीवर न ठेवता खुंटीला. घरी परतल्यावर बॅग दिवसभर कडक उन्हात उलटी टांगा, कपडे गरम पाण्यात धुवा. गोचीड चिकटली तर बारीक चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळायची नाही, काडीनं चटका द्यायचा नाही, रॉकेल लावायचं नाही, कारण डिवचलेली गोचीड उलट जखमेत लाळ सोडते. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. तळकोकणात दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडताप आहे, तिकडे जाणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

---

विषवैद्य_नव्हे

सापांबद्दल वेगळं लिहायला हवं. थंडीत ते मंदावतात, तरी घरात चुलीची ऊब आणि उंदीर दोन्ही असतात.

जमिनीवर झोपलेल्या माणसाला धोका मुख्यतः मण्यारचा. हा साप रात्री फिरतो आणि बहुतेक दंश मध्यरात्र ते पहाट या वेळात, झोपेत होतात. दात बारीक, दुखत जवळजवळ नाही, सूज येत नाही. माणूस "काहीतरी चावलं" म्हणून कूस बदलतो. मग काही तासांत पोटात कळ, उलटी, पापण्या जड होऊन मिटायला लागणं, जीभ अडखळणं, गिळता न येणं. पहाटे उठून कुणी पोट दुखतंय आणि डोळे उघडत नाहीत म्हणालं, तर पित्त समजून लिंबू-सरबत देत बसू नका, दंश झालाय असं धरून चाला.

याला मच्छरदाणीइतका स्वस्त आणि परिणामकारक उपाय दुसरा नाही. एकट्याची मच्छरदाणी तीन-चारशे ग्रॅमची असते. ओटीच्या खांबाला दोरी बांधून लावा आणि चारही कडा मॅटच्या खाली नीट दाबा. नुसती सोडलेली मच्छरदाणी डास अडवते, साप नाही. हात-पाय जाळीबाहेर जाणार नाहीत इतकी रुंद घ्या. डोक्याशी टॉर्च ठेवा, रात्री उठताना आधी टॉर्च, मग पाय. बूट तोंडं बांधून खुंटीला किंवा सॅकवर उलटे, सकाळी झटकूनच पाय घालायचे.

दंश झालाच तर: माणसाला चालवायचं नाही, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर करायचा, अंगठ्या-कडी काढायची. चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं करकचून आवळायचं नाही. १०८ ला फोन, आणि फोन लागत नसेल तर वाडीतली जीप काढून सरळ सरकारी रुग्णालय. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही चालतं, म्हणून साप ओळखण्यात किंवा मारून नेण्यात वेळ घालवू नका. वाडीत गाडी कुणाकडे आहे आणि रात्री चालवणारा कोण, हा प्रश्न संध्याकाळी चहा घेतानाच विचारून ठेवायचा.

विंचू चावला तर दुखतं भयंकर, पण लाल विंचवाच्या बाबतीत दुखण्यापेक्षा पुढची लक्षणं वाईट: दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, छातीत धडधड. यातलं काहीही दिसलं की तेही रुग्णालयाचं काम.

---

पायवाट_नाशिक

सगळ्यांचे आभार. एक दिवस वाढवतोय, हारपूडच्या बाजूला पहिला मुक्काम आणि मोहरीत दुसरा. पहिल्याला शिधा, दुसऱ्याला जेवण सांगणार.

पाण्याचं आणि शौचाचं राहिलं. आणि गॅसचा छोटा स्टोव्ह आहे आमच्याकडे, सकाळचा चहा ओटीवर करून घेतला तर घरच्यांचा त्रास वाचेल ना?

---

हंडा-कळशी

स्टोव्ह ओटीवर नको. खाली शेणसारवण, वर गवत किंवा वाळलेल्या फाट्या, शेजारी कारवीचा कूड, वारा सुटलेला. ठिणगी लागायला एवढं पुरे. लावायचाच तर अंगणात, मोकळ्या मातीवर, चारी बाजूंनी दगड लावून. मेणबत्ती आणि मच्छर अगरबत्तीलाही हाच नियम.

पाणी. जानेवारीत विहिरीला किंवा झऱ्याला पाणी असतं, पण ते घरात येतं बाईच्या डोक्यावरून. एक हंडा दहा-बारा लिटरचा. पाच जणांना पिणं, स्वयंपाक, भांडी आणि शौच धरून कितीही जपून वापरलं तरी साठ-सत्तर लिटर लागतं, म्हणजे सहा-सात खेपा. त्या तुम्ही घाला. पोचल्यावर पहिलं काम हेच: पाणवठा कुठे ते विचारा, पिण्याचा वेगळा आणि गुरांचा वेगळा असतो तो समजून घ्या आणि उजेड आहे तोवर भरून ठेवा. पिण्याच्या पाणवठ्यावर साबण लावायचा नाही, पाय धुवायचे नाहीत. आंघोळीचा विषय तर काढूच नका. मार्चनंतर जाणाऱ्यांसाठी हे सगळं दुप्पट कडक. तेव्हा झरे आटतात, आणि काही वाड्यांवर पाहुण्याला पाणी देणं म्हणजे स्वतःची खेप वाढवणं.

पिण्यासाठी दुहेरी फडक्यातून गाळा, मग उकळा. खळखळून एक मिनिट उकळी आली की पुरतं. उकळायला सरपण नसेल तर क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या, बाटलीवर लिहिलेल्या मापानं, आणि अर्धा तास थांबून. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, कारण क्लोरीन गाळातच खर्च होतो आणि पाणी तसंच राहतं.

शौच: बऱ्याच घरांना आता शौचालय असतं, पण पाणी बाहेरून न्यावं लागतं. एका वेळी पाच-सहा लिटर. त्यात टिश्यू, ओले वाइप्स, पॅड काही टाकायचं नाही. शोषखड्डा छोटा असतो, तुंबला की उपसायला घरच्यांनाच लागतं. काही ठिकाणी शौचालयात सरपण भरून ठेवलेलं दिसेल. तेव्हा समजून घ्या आणि रानात जा. पाणवठा, ओढा आणि शेताचा बांध सोडून, पाण्यापासून किमान साठ मीटर लांब, वीतभर खड्डा करून, नंतर माती लोटायची. कागद आणि पॅड झिपच्या पिशवीत परत न्यायचे.

तिघी बायकांनी घरातल्या बाईला स्वतः विचारावं: बायका कुठल्या बाजूला जातात, किती वाजता, आणि कुणी सोबत येईल का. साधारण उजाडायच्या आधी, पुरुषांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी. एकटं जायचं नाही. घाटमाथ्यावर बिबट्याचा वावर असतो आणि शेळ्यांमुळे तो वाडीभोवती फिरतो. रात्री लघवीला उठतानाही दोघींनी मिळून, टॉर्च लावून, बोलत जायचं. झोपायलाही बायकांना आत माजघरात जागा मिळत असेल तर घ्या. थोडा धूर सोसावा लागतो, पण थंडी आणि संकोच दोन्ही कमी.

---

नाळकरी

सकाळबद्दल कुणी लिहिलं नाही.

मोहरीतून साडेसातच्या आत निघा. सूर्योदय सातच्या थोडा पुढे. नाळ कोकणाच्या बाजूला उतरते, त्यामुळे सकाळचा बराच वेळ सावलीत जातो. दहा-अकरानंतर उतरणाऱ्यांना दगड तापलेले मिळतात. माणशी तीन लिटर पाणी मोहरीतच भरून घ्या, नाळेत पाणी मिळेल असं धरायचं नाही. लिंगाण्यावरची टाकी तुमच्या वाटेवर नाहीत.

पाठ जड ठेवू नका. मुक्कामाचं सामान सॅकच्या बाहेर लोंबत असेल तर नाळेत ते दगडांत अडकतं आणि तोल जातो. मॅट उभी, सॅकच्या आत किंवा पाठीशी घट्ट. नाळेत सुटे धोंडे आहेत, तेव्हा एक तर सगळे हाताच्या अंतरावर चिकटून, नाहीतर एकेक करून आडोशापर्यंत. मधलं अंतर धोक्याचं, कारण वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खाली पोचेपर्यंत वेग घेतो. वीस मीटरचा दोर असू द्या. आणि नाळेनंच खाली उतरत राहू नका. मधून नाळ सोडून आडव्या वाटेनं लिंगाण्याच्या खिंडीकडे जायचं असतं. ही आडवी वाट घसाऱ्याची आणि दरीच्या काठची आहे. वाट ठाऊक नसेल तर मोहरीतूनच वाटाड्या घ्या, आणि पैसे आदल्या रात्री ठरवा. त्याला परत चढून यायचं असतं हे धरून.

कड्यांना आग्या मोहळं असतात. अत्तर, डिओ, उग्र वासाचं केसांचं तेल लावायचं नाही, शेकोटी-धूर करायचा नाही, आरोळ्या देऊन प्रतिध्वनी ऐकायचा नाही. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड-मान झाकून खाली बसून राहा. नाळेत पळणं म्हणजे पडणं.

---

वळवाचा_पाऊस

मध्येच विचारतो. हाच बेत जुलै-ऑगस्टमध्ये केला तर घरं मिळतात का?

---

कारवी

घरं मिळतात, नाळ मिळत नाही. पावसात ती पाण्याची आणि दगडांची वाट असते, तिथे उतरायचं नाव काढू नका.

मुक्कामाचंही गणित बदलतं. ओटीला पावसाची झड लागू नये म्हणून बाहेरून पेंढ्याचे नाहीतर प्लास्टिकचे आडोसे बांधलेले असतात, आत काळोख. उन्हाळ्यात गोळा केलेलं सरपण आणि गवत ओटीवरच रचलेलं, गुरं दिवसातला बराच वेळ गोठ्यात. म्हणजे जिथे झोपू नका म्हणून वर सांगितलंय, नेमकी तेवढीच जागा शिल्लक राहते. लावणीच्या दिवसांत तर घरातलं प्रत्येक माणूस दिवसभर चिखलात असतं, तेव्हा पाहुणा नकोच. पाच जणांचे ओले कपडे चुलीवर वाळत घालायला जागा नसते, म्हणून झोपायचा एक कोरडा जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वेगळा ठेवायचा आणि सकाळी परत ओलेच कपडे चढवायचे.

जायचंच असेल तर गाडीरस्त्यावरच्या गावात एकच रात्र राहा, पठारावर फिरा आणि आल्या वाटेनं परत जा. कोयना-वासोट्याच्या बाजूचा विचार मात्र मुक्कामासाठी कुठल्याच ऋतूत करू नका. तो व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, वनखात्याची परवानगी काढून दिवसाउजेडीच जाऊन यावं लागतं.

@पायवाट_नाशिक, हारपूडच्या बाजूला कुणाचा नंबर मिळाला नाही तर वेल्ह्यात आदल्या संध्याकाळी किराणा दुकानात विचारा. आठवड्याच्या बाजाराला वरच्या वाड्यांवरची माणसं तिथेच येतात, आणि निरोप फोनपेक्षा लवकर पोचतो.